राहिलेलं गी

आधी अभिनंदन मगदूम आला,
चारचाकीतनं, वकिलाला घेऊन.
दुसऱ्या दिवशी सॅम्युअल,
पाठीच्या सॅकमधनं ड्रमच्या काठ्या बाहेर आलेल्या.
दोघांनी विचारलं ते एकच:
दस्तगीरमामा, नाव लिहून घ्यायला
तुमच्याकडं पहिल्यांदा आलं होतं कोण?

बसा म्हटलं. च्या सांगतो.

त्या वर्षी मी ट्रॉल्यांवर गावांची नावं लिहीत होतो,
तालमींचे फलक,
आणि एका डॉक्टराची पदवी, तीनदा खोडून.
उद्यमनगरातली पाच पोरं आली,
हाताला लेथच्या तेलाचा वास,
ड्रम असा धरलेला मधी
की विहिरीतनं कुणाला तरी काढून आणलंय.
म्हणाली, ह्याच्या पानावर 'ठिणगी' लिहा.
लाल. मोठं.

मोठं म्हणाली म्हणून मोठं लिहिलं.
ठ ला पोट असतंय, ते जागा खातं.
त्याच्या वेलांटीला वळायला अंगण लागतं.
ण तीन पायांवर ऐसपैस उभा राहिला
आणि गोल संपला.

पोरं बघत राहिली.
मग कुणीतरी, कोण ते आठवत नाही,
काठीनं कडेवर एक टोला हाणला.
ठिण.
हसली सगळी. तसंच घेऊन गेली.

आता मिरजकर तिकटीला एकाच खांबावर
दोन फ्लेक्स: 'ठिण' आणि 'ओरिजिनल ठिण'.
दोन्हीवर माझंच अक्षर, मशीननं उचललेलं.
ठ च्या पोटाखाली रंग ओघळला होता,
तो ओघळसुद्धा तसाच.
ह्या फ्लेक्सनं माझा धंदा बसवला
आणि माझी चूक तेवढी जपून ठेवली.

वकिलानं समजावून सांगितलं.
वर्ग एकेचाळीस, करमणूक.
अर्ज अभिनंदनच्या बायकोच्या नावानं.
सॅम्युअलचं म्हणणं, टोला माझा होता.
अभिनंदनचं म्हणणं, ड्रम माझ्या पैशाचा होता.
वकील म्हणाला, ठिणगी असती तर अवघड होतं,
ती कोशात आहे, कुणीही पेटवावी.
ठिण कुठंच नाही.
म्हणून तर किंमत आहे, मामा.

तिसरा पुण्यात कंपनीत आहे, फोन घेत नाही.
चौथी शैलजा, गायची,
ती म्हणाली, मला त्यात ओढू नका,
माझं नाव तसंही फ्लेक्सवर नव्हतं कधी.
पाचवा दिगंबर. चाली त्याच्या.
तो गेला, त्याला सहा वर्षं झाली.
त्याच्या आईला नोटीस आली, वारस म्हणून.
माझ्याकडं घेऊन आली वाचून घ्यायला.
म्हणाली, दिगूच्या नावावर काय हुतं रं?
म्हटलं, नावच.
ती म्हणाली, मग ते कुठं ठेवलंय?

रात्री जुनी वही काढली.
'ड्रमचं पान, एक नग, लाल. एकशे वीस रुपये.'
पुढं माझ्याच हातानं: बाकी.
वकिलाला दाखवली तर तो खुर्चीत सरळ झाला.
मामा, पैसे कुणीच दिले नाहीत!
मग हक्क तुमचाही निघतो की!

मी वही मिटली.

ज्या दिवशी ठिण लिहिलं
त्या दिवशी वाटीत रंग उरला होता.
वाळून वाया जाईल म्हणून
दुकानाच्या फळीवर आतल्या बाजूनं
राहिलेलं गी काढून ठेवलं.
दरवाजा बंद केला की दिसतं.
ओघळ नाही, वेलांटी नीट वळलेली,
आयुष्यात इतकं चांगलं गी मी परत काढलं नाही.
त्याच्यावर कुणी दावा केलेला नाही अजून.

सोळाला तारीख आहे, कसबा बावड्याला.
शपथ घालून विचारतील, नाव कुणाचं?
मी सांगणार, साहेब,
जागा संपली होती.
आणि ते एकशे वीस.